उतरवलेल्या नागिणीचं नाव

सव्वीस वर्षं मी लोकांची नागीण उतरवली आणि सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही केस वाया गेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. कुणी विचारायची वाट बघत नसे. शाळामास्तरणीला विचारल्याशिवाय सांगायची सवय असतेच, आणि मी तर महापालिकेच्या शाळेत अख्खी नोकरी काढलेली. सगळी चाळ मला बाई म्हणते, माझा नवरासुद्धा चिडला की बाईच म्हणतो.

अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखे पाणीदार फोड उठतात आणि निखारा ठेवल्यासारखी आग होते, ती नागीण. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत ती कुणाला झाली की डॉक्टरच्या आधी आमचं दार वाजायचं. ही विद्या मला सासूबाईंकडून मिळाली, त्यांना त्यांच्या सासूकडून, कणकवलीजवळच्या गावात. काव, म्हणजे लाल मातीचा खडा, सहाणेवर उगाळायची. दूर्वांच्या जुडीने फोडांच्या दोन्ही टोकांना रेघ ओढायची, म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळत नाही. जुळलं तर माणूस जातो, असं सगळेच म्हणत. तीन दिवस, सकाळी, उपाशीपोटी. पैसे घ्यायचे नाहीत, समोरच्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही.

आणि एक शेवटचा नियम. सासूबाई तो फार गंभीरपणे सांगत आणि मीही तितक्याच गंभीरपणे पुढे सांगत आले. उतरवलेल्या नागिणीचं नाव परत काढायचं नाही. जिने उतरवली तिच्यासमोर तर मुळीच नाही. काढलं तर नागीण उलटते आणि उतरवणारीच्या अंगावर येते.

शाळेत मी पोरांना शिकवायचे की कारण विचारल्याशिवाय काहीही मानू नका. घरी येऊन काव उगाळायचे. या दोन गोष्टींचं एकमेकींशी कधी भांडण झालं नाही, कारण दोन्हीकडे मीच बाई होते. शिवाय फोड जायचे ना! दोन-तीन आठवड्यांत खपली धरून गळून पडायचे. माणसं गॅलरीत भेटली की हसून हात जोडायची, आजाराबद्दल चकार शब्द काढायची नाहीत. याला मी यश समजत होते.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या साफसफाईत, माझ्या डाव्या बगलेखाली ठणका सुरू झाला. पोटमाळ्यावरची पितळी भांडी काढताना उसण भरली असेल म्हणून बाम चोळला. तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसले तर डाव्या स्तनाखालून पाठीच्या कण्यापर्यंत लालभडक पट्टा आणि त्यावर फोड. मी ओळखलं. खरं सांगते, मला भीती वाटली नाही, राग आला. माझ्या अंगावर यायची हिंमत झाली कशी, असा.

स्वतःची नागीण स्वतः उतरवता येत नाही. पाठीकडे हात पोचत नाही हे एक, आणि नियमही तसाच. मग मी नवऱ्याला बसवलं. छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवलेला माणूस, त्याचा हात स्थिर असायला हवा होता. पण उघड्या जखमेजवळ दूर्वा नेताना तो थरथर कापत होता. मी कपाटाच्या आरशात बघत हुकूम सोडत होते. "अहो, वर. वर म्हणजे डोक्याकडे! आता खाली. सरळ ओढा, शाळेत पट्टी धरली नव्हती का कधी?"

"अगं, तू हलतेस."

"मी श्वास घेतेय. तोही बंद करू?"

रेघ वाकडी आली. तीन दिवस वाकडीच आली. चौथ्या दिवशी अंधेरीहून मुलगी आली, माझं पोलकं वर करून तिने पाहिलं आणि अशी ओरडली की शेजारीण हातात लाटणं घेऊन धावत आली. मुलीने मला तशीच उचलून टॅक्सीत घातलं आणि दादरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पण हेही सांगितलं की या गोळ्या फोड आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. तुम्ही कुठे होता इतके दिवस? मी म्हटलं, गणपतीची गडबड होती. मुलीने मला तिथे उघडं पाडलं नाही, एवढी तिची माया.

फोड गेले. गौरी-गणपती झाले, दसरा झाला. दुखणं मात्र गेलं नाही.

हे दुखणं कसं होतं ते सांगायलाच हवं, कारण बाहेरून काही दिसत नव्हतं. कातडीवर फिकट डाग, बस्स. पण पदर सरकला तरी जीव जायचा. जोरात दाबलं तर चालायचं, हलकं काही लागलं की सहन व्हायचं नाही. पंख्याचा वारा भाजायचा. मधूनच कुणीतरी सुई तापवून आरपार घालावी तशी कळ यायची आणि बोलता बोलता माझं वाक्य अर्धं राहायचं. माझं वाक्य अर्धं राहिलेलं चाळीने तोवर ऐकलं नव्हतं. ब्लाऊज घालणं तर बंदच झालं. घरात नवऱ्याचा धुऊन धुऊन मऊ पडलेला सुती शर्ट आणि खाली परकर, असा माझा अवतार. दिवाळीत भाऊबीजेला लालबागला भावाकडे गेले नाही. हळदीकुंकवांना गेले नाही. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या मी शेंगदाण्यासारख्या खाल्ल्या, ढिम्म फरक नाही.

दोष कुणाला द्यायचा हे मी ठरवूनच टाकलं होतं. वाकडी रेघ. नवऱ्याला मी ते तोंडाने म्हटलं नाही, पण चहाचा कप आपटून ठेवला की माणसाला कळतं. तो बिचारा दुपारी बाहेर जाऊन बसायला लागला. एकदा परत आला तो दूर्वांची जुडी घेऊन. म्हणाला, "परत एकदा प्रयत्न करू का? आता हात नाही कापणार." मी त्याला वाटेल ते बोलले. ते आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. दुपारी मी कपाटाच्या आरशासमोर केस विंचरत होते. नवऱ्याचा निळा चौकड्यांचा शर्ट, वरची दोन बटणं उघडी, डावा हात अंगापासून जरा दूर धरलेला, कापड घासू नये म्हणून. तेवढ्यात मला वाटलं, ही बाई मी कुठेतरी पाहिली आहे.

पाहिली होती. रोज पाहत होते. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणारी काकी.

काकी मूळची वेंगुर्ल्याकडची, वय पंच्याहत्तरच्या पुढे, नवरा गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी गेला, मुलगा डोंबिवलीला. एकटी राहते. सहा वर्षांपूर्वी तिला नागीण झाली होती आणि ती मीच उतरवली होती. त्यानंतर कधीतरी काकीने लुगड्यावर मुलाचा जुना शर्ट घालायला सुरुवात केली. आणि हात असाच, अंगापासून दूर. ती खाली यायची बंद झाली. भजनाला नाही, हळदीकुंकवाला नाही. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, म्हातारपण, एकटेपण, जरा डोक्यावर परिणाम. मी तर एकदा जिन्यात भर चार बायकांत तिला विचारलं होतं, "काय काकी, शर्ट चढवून कुठल्या ऑफिसला निघालात?" बायका हसल्या. काकीही हसली होती.

कंगवा तसाच केसांत ठेवून मी वर गेले.

काकी दारात बसून लसूण सोलत होती. माझ्या अंगावरचा शर्ट तिने बघितला, मग माझा लांब धरलेला हात बघितला. लसणीची पाकळी तिच्या हातातून खाली पडली.

"अरे देवा," ती म्हणाली, "तुझ्यार उलटली काय गो?"

मी खाली बसले. विचारलं, "काकी, तुमचं अजून दुखतं?"

ती मान हलवून नाही नाही करत राहिली. मी परत विचारलं, शाळेत वापरायचे त्या आवाजात. तेव्हा ती हळूच म्हणाली, "दुखता. पयल्या दिसापासून दुखता."

"सहा वर्षं? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तूच सांगितलंस ना, नाव काढू नको म्हणान." ती माझ्याकडे बघत नव्हती, पडलेली पाकळी शोधत होती. "तेव्हा तुझ्या चेडवाचा लगीन तोंडावर इला होता. नाव काढलंय आणि तुझ्यार उलटली तर? माझा काय, म्हातारीचा. सोसलंय."

मला रडू आलं. मी सहजासहजी रडणारी बाई नाही, पण तिथे काकीच्या उंबऱ्यावर लसणीच्या सालींमध्ये बसून रडले. सहा वर्षं ही बाई माझ्या डोक्यावरच्या खोलीत जळत होती आणि तोंड बंद ठेवून मला वाचवत होती. मी खाली बसून यशाच्या गोष्टी सांगत होते. नियम किती सोयीचा होता बघा. ज्याचं दुखणं राहिलं त्याने सांगायचंच नाही, मग उतरवणारीला अपयश येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी मी काकीला घेऊन परळला गेले. मुलीने तिथल्या एका हॉस्पिटलातलं वेदनांचं वेगळं क्लिनिक शोधून ठेवलं होतं. मी महिनाभर तिला टोलवत होते. आम्ही दोघी बाकावर पुरुषांचे शर्ट घालून बसलो होतो. कंपाउंडरने दोनदा विचारलं, पेशंट कोण? मी म्हटलं, दोघी. आणि आधी त्या.

डॉक्टर मुलीच्या वयाची होती. तिने मला आजी म्हटलं, ते मी गिळलं. तिने कापसाचा बोळा आमच्या अंगावरून हलकेच फिरवला आणि आमचे चेहरे बघितले. मग कागदावर पाठीचा कणा काढून समजावलं. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू अंगातून जात नाही. कण्याजवळ नसेच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, ताकद कमी पडली की जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणून फोड एकाच बाजूला, पट्ट्यासारखे. तोंड आणि शेपूट वगैरे काही नसतं. फोड आपापले जातात, पण जाताना कधीकधी नस जखमी करून जातात. जास्त करून वयस्कर माणसांत. मग दारावर कुणी नसताना बेल वाजत राहावी, तशी ती नस मेंदूला खोट्या बातम्या पाठवत राहते. कापड लागलं की सांगते, भाजलं.

"म्हणजे मनाचे खेळ नाहीत?" काकीने विचारलं. तिला ते कुणीतरी म्हटलं असणार. मीच म्हटलं नसेल ना, अशी मला शंका आली.

"अजिबात नाहीत. खरं दुखणं आहे."

काकीने पदर तोंडाला लावला. उपचार अजून सुरूही झाले नव्हते आणि तिचा अर्धा चेहरा बदलला होता.

मग मी विचारलं, "रेघ वाकडी आल्यामुळे काही झालं असेल?" विचारताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "रेघ सरळ असती तरी इतकंच झालं असतं. फक्त लवकर यायला हवं होतं." घरी आल्यावर पहिलं काम केलं ते नवऱ्याला हे सांगायचं. तो म्हणाला, "मी तरी सरळच ओढत होतो." बस, इतकंच. पुढच्या आठवड्यात मुलीने त्याला नागिणीची लस टोचून आणली. सुईच्या नावाने घाम फुटणारा हा माणूस तेव्हा निमूट गेला.

औषध साधं नव्हतं. नस शांत करणारी कॅप्सूल, अगदी कमी ताकदीपासून सुरू करून हळूहळू वाढवायची. पहिले काही दिवस मी मोरीकडे भिंत धरून जात होते, इतकी झोप आणि गरगर. मी डॉक्टरला फोनवर झापलं. तिने शांतपणे सांगितलं, स्वतःच्या मनाने वाढवायची नाही, स्वतःच्या मनाने बंदही करायची नाही, आठवड्याने परत बोला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी ऐकलं. शिवाय बधिर करणारी चिकटपट्टी, अर्धा दिवस लावायची आणि अर्धा दिवस काढून ठेवायची. काकीला मिरचीच्या अर्काचं मलम दिलं, हातमोजे घालून लावा अशी ताकीद देऊन. काकीने आयुष्यभर लालबागच्या गिरणीवरून मालवणी मसाला दळून आणलेला. म्हणाली, "माका मिरची शिकवतंत?" आणि उघड्या बोटांनी मलम लावून तेच बोट डोळ्याला लावलं. त्या दिवशी तिची बोंब करी रोडपर्यंत गेली असेल.

डॉक्टरने खोटं आश्वासन दिलं नाही. माझं दुखणं काही महिन्यांचं, बरंचसं जाईल. काकीचं सहा वर्षं मुरलेलं, पूर्ण जाईलच असं नाही, पण खाली आणता येईल. मी म्हटलं, आणू.

आणि मी आणलंच. मला काम मिळालं की मी बरी होते. जुन्या वहीच्या पाठीमागे, ज्यांची ज्यांची नागीण उतरवली ती सगळी माणसं आठवून लिहिली आणि एकेकाला गाठून विचारलं. बहुतेक ठणठणीत होते, हे सांगायला हवं. विरारला गेलेला एक जण फोनवर म्हणाला, "बाई, तुम्हाला कसं सांगणार होतो?" त्याला डॉक्टरचा नंबर दिला. तळमजल्यावरचे एक आजोबा वारले होते. त्यांच्या सुनेने सांगितलं, शेवटी शेवटी अंगावर चादरसुद्धा घेऊ द्यायचे नाहीत, आम्हाला वाटायचं हट्टीपणा करतात. त्यांच्यासाठी आता काही करता येणार नव्हतं. मला लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

उन्हाळ्यात पहिल्या मजल्यावरचा ड्रायव्हर दारात आला. कमरेवर फोड, कालच आलेले. "बाई, रेघ ओढा ना, ड्युटीवर जायचंय." मी चपला घातल्या आणि त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्यावर जिन्यात त्याला बजावलं, "दुखायचं राहिलं तर मला सांगायचं. मोठ्याने सांगायचं." उरलेली काव मी तुळशीच्या कुंडीला लावून टाकली. कुंडी झकास दिसते.

मोठ्याने सांगायचा नियम आधी काकीला लावला होता. रोज सकाळी पाणी भरून झालं की तिने वरच्या गॅलरीतून वाकून मला सांगायचं, आज कसं आहे. सुरुवातीला ती कुजबुजायची. मी खालून ओरडायचे, "ऐकू येत नाही!" मग तिला त्यात मजा वाटायला लागली. "बाये, आज लय दुखता गो!" हे अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. समोरचा दाढी करता करता विचारायचा, काकी, काल काय खाल्लं होतं? पुढे पुढे "आज निम्मा" असं यायला लागलं. माझं तोवर जवळपास थांबलं होतं, मी ब्लाऊज घालून बाजारात जायला लागले होते.

श्रावणातल्या एका शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. त्या सकाळी पाणी आलं, गेलं, वरून हाक आली नाही. मी दोन मिनिटं थांबले आणि मग गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढले.

दार नुसतं लोटलेलं होतं. काकी खिडकीजवळ उभी होती. अंगात जांभळा ब्लाऊज, सहा वर्षं ट्रंकेत पडून घड्यांवर फिका झालेला. हातांत घातला होता, पण समोरचे हूक लागत नव्हते. शर्ट खाटेवर नीट घडी करून ठेवलेला होता.

"हूक लाव गो," ती म्हणाली.

मी पुढे झाले. पहिला हूक लावताना माझी बोटं त्या जागेला लागली, जिथे सहा वर्षांपूर्वी मी दूर्वांनी रेघ ओढली होती. तिने डोळे घट्ट मिटले. मी हात मागे घेतला.

"काकी, दुखतंय?"

"दुखता," ती म्हणाली. "तू लाव."

मी सगळे हूक लावले.